मूल कसे शिकते? पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाचा मुहासबा

मूल जन्माला येते तेव्हा त्याला काहीच ठाऊक नसते. सूरह अन्-नहलच्या 78 व्या आयतीत अल्लाह मानवाला या वस्तुस्थितीची आठवण करून देतो आणि त्याच आयतीत सांगतो, की त्याने माणसाला श्रवणशक्ती, दृष्टी आणि हृदय बहाल केले, यासाठी की त्याने कृतज्ञ व्हावे. ज्ञानाची ही तिन्ही दारे अल्लाहची देणगी आहेत. देणगीबद्दलची कृतज्ञता केवळ जिभेने व्यक्त होत नाही. देणगीचा योग्य वापर करणे हीदेखील कृतज्ञता आहे. म्हणून आपल्या मुलाला कान, डोळे आणि अंतःकरण यांचा ज्ञानासाठी उपयोग कसा करावा हे शिकवणे, ही आईवडिलांवरील जबाबदारी ठरते.

आपल्या घरांत मुलांच्या अभ्यासाची चिंता कमी नाही. ऐपत नसतानाही शिकवणी लावली जाते, गाइड आणले जाते, परीक्षा जवळ आली की मोबाइल काढून घेतला जातो. ‘अभ्यासाला बस’ हे वाक्य दिवसातून अनेकदा उच्चारले जाते. मात्र बसल्यानंतर मुलाने नेमके काय करावे, हे त्याला क्वचितच कोणी सांगितलेले असते. काय शिकायचे हे पाठ्यपुस्तक सांगते. कसे शिकायचे हा तास शाळेच्या वेळापत्रकात बहुधा नसतो. या लेखात आपण त्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

वळणाचे वय

पाचवी ते आठवी हा मुलाच्या आयुष्यातील वळणाचा काळ आहे. चौथीपर्यंत पाठ छोटे असतात आणि वर्गात ऐकलेले सहज लक्षात राहते. त्यानंतर विषय वाढतात, प्रत्येक विषयाला निराळे शिक्षक येतात, पाठ लांब होतात आणि गणितात अपूर्णांक व बीजगणित दाखल होते. याच वर्षांत मकतबमध्ये नाजिरा पूर्ण होत असतो किंवा हिफ्ज सुरू झालेले असते. शाळा, मकतब आणि शिकवणी या तीन फेऱ्यांत दिवस संपतो. पूर्वी जे आपोआप लक्षात राहत होते ते आता राहत नाही आणि मुलाला त्याचे कारण कळत नाही. मग ते स्वतःच एक निष्कर्ष काढते : ‘माझे डोके चालत नाही.’

या निष्कर्षाची किंमत मोठी आहे. महाराष्ट्रात आता पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण होणे आवश्यक करण्यात आले आहे. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला फेरपरीक्षेची संधी मिळते, परंतु तीतही अपयश आल्यास त्याच वर्गात पुन्हा बसावे लागते. न्या. राजिंदर सच्चर समितीने 2006 च्या आपल्या अहवालात नोंदविले होते, की 6 ते 14 या वयोगटातील 25 टक्के मुस्लिम मुले एक तर कधी शाळेत गेलीच नव्हती किंवा त्यांनी शाळा सोडली होती. शाळा सुटण्यामागे गरिबी असते, घरची कामे असतात, शाळेचे अंतर असते. ही कारणे दूर करणे एका कुटुंबाच्या हाती नसते. पण ‘मला जमत नाही’ असे म्हणून जे मूल वही मिटते, त्याला पुन्हा वही उघडायला लावणे मात्र आपल्या हाती आहे.

याच वयात मूल बालिग होण्याच्या उंबरठ्यावर येते. सातव्या वर्षापासून नमाजची सवय लावावी आणि दहाव्या वर्षी तिच्याबाबत आग्रही व्हावे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. म्हणजे जबाबदारी एका दिवसात अंगावर पडत नाही, ती टप्प्याटप्प्याने सोपविली जाते. अभ्यासाचेही तसेच आहे. आजवर आईने पुस्तक उघडून समोर ठेवले. आता आपण कसे शिकतो हे ओळखण्याची जबाबदारी हळूहळू मुलावर सोपवायची वेळ आली आहे.

शिक्के मारू नका

सूरह अल-हुजुरातच्या 11 व्या आयतीत एकमेकांना वाईट नावांनी संबोधण्यास मनाई केलेली आहे. ही मनाई आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या संदर्भात लक्षात ठेवतो, परंतु घरातल्या लेकराच्या बाबतीत विसरतो. ‘ढ’, ‘मठ्ठ’, ‘कामातून गेलेला’ हे शब्द रागाच्या भरात निघतात आणि मुलाच्या मनात वर्षानुवर्षे राहतात.

दुसऱ्या प्रकारचा शिक्का गोड असतो, म्हणून त्याचा धोका लक्षात येत नाही. काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून, काही वाचून-लिहून आणि काही हात चालवून, असा एक विचार गेली काही दशके जगभर लोकप्रिय आहे. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांनी यासाठी एक प्रश्नावली तयार केली आणि ती असंख्य शाळांत पोहोचली. मुलाने प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि आपला ‘प्रकार’ जाणून घ्यायचा. कल्पना आकर्षक आहे. पण 2008 मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी यासंबंधीचे संशोधन तपासले, तेव्हा मुलाच्या प्रकारानुसार शिकविल्याने ते अधिक चांगले शिकते, असे सिद्ध करणारा पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. मुलांच्या आवडी निरनिराळ्या असतात हे खरे. परंतु आवडणारी पद्धत आणि उपयोगी पडणारी पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘आमचा मुलगा ऐकूनच शिकतो’ असे ठरवून टाकले, की वाचनाचे दार आपण स्वतःच्या हाताने बंद करतो. अन्-नहलच्या त्या आयतीत श्रवण, दृष्टी आणि हृदय यांचा उल्लेख एकत्र आलेला आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. खरे पाहता कोणते दार उघडायचे हे बऱ्याचदा विषयच ठरवितो. नकाशा पाहावाच लागतो. तजवीद उस्तादांच्या तोंडून ऐकावी लागते. केवळ पुस्तकातून मखरज साधत नाही. गणित सोडवावे लागते, दुसऱ्याने सोडविलेले पाहून ते येत नाही.

आदरणीय प्रेषितांची (स.) शिकविण्याची रीत

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकाच पद्धतीने शिकविले नाही. सहीह बुखारीत ह. अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांची हदीस आहे. माणूस, त्याचे आयुष्य आणि त्याच्या लांबलचक आशा यांविषयी सांगताना प्रेषितांनी (स.) एक चौकोन काढला, त्याच्या मधून बाहेर जाणारी एक रेघ ओढली आणि तिच्या बाजूला लहान लहान रेघा काढल्या. चौकोन म्हणजे माणसाला घेरणारा मृत्यू, बाहेर गेलेली रेघ म्हणजे त्याची आशा आणि लहान रेघा म्हणजे वाटेतील संकटे. एक गहन विषय आकृतीने उलगडला. ह. अनस (रजि.) सांगतात, की नीट समजावे म्हणून प्रेषित (स.) आपले बोलणे तीनदा उच्चारीत. नमाज तर त्यांनी प्रत्यक्ष करून दाखविली आणि आपल्याला पाहून तशीच अदा करण्यास सांगितले. ही शेवटची शिकवण ज्यांच्यामार्फत आपल्यापर्यंत पोहोचली ते ह. मालिक इब्ने हुवैरिस (रजि.) समवयस्क तरुणांसह मदीनेत सुमारे वीस दिवस राहिले होते. त्यांना घरची ओढ लागल्याचे प्रेषितांनी (स.) ओळखले, त्यांना परत पाठविले आणि शिकलेले आपल्या माणसांना शिकविण्याची आज्ञा केली. शिकणाऱ्याच्या मनाची अवस्था ओळखणे आणि शिकलेले दुसऱ्याला शिकवायला लावणे, हे दोन्ही धडे या एका प्रसंगात आहेत.

कधी प्रेषित (स.) प्रश्न विचारीत. असे कोणते झाड आहे, ज्याची पाने गळत नाहीत आणि जे मुस्लिमासारखे आहे, असा प्रश्न त्यांनी एकदा विचारला. उपस्थितांचे मन रानातल्या झाडांकडे गेले. ह. अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांच्या मनात उत्तर आले होते, खजुराचे झाड. पण ते वयाने लहान होते, मोठ्यांसमोर बोलायला संकोचले आणि गप्प राहिले. पुढे त्यांनी हे आपले वडील ह. उमर (रजि.) यांना सांगितले. तू ते उत्तर दिले असतेस तर मला अमुक अमुक मिळण्यापेक्षाही अधिक आनंद झाला असता, अशा आशयाचे उद्गार वडिलांनी काढले.

आपल्या वर्गांत आणि घरांत अशी किती मुले गप्प बसलेली असतील, ज्यांच्या मनात उत्तर असते? मूल कसे शिकते हे ओळखायचे असेल तर त्याला बोलते करावे लागेल, आणि चुकीच्या उत्तराला हसण्याची सवय घरातून काढून टाकावी लागेल.

‘येतंय’ असे वाटणे आणि खरोखर येणे

मुलाला ‘पाठ झाला का?’ असे विचारले तर ते ‘हो’ म्हणते. ते खोटे बोलत नसते. त्याने पाठ चार वेळा वाचलेला असतो, प्रत्येक ओळ ओळखीची वाटत असते. परंतु पुस्तक बंद केले की शब्द फुटत नाही. ओळखणे आणि आठवणे यांतील हा फरक मुलांना कोणी समजावून सांगत नाही.

अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे फार उद्बोधक आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो फक्त पहिल्या वेळी वाचला आणि पुढच्या तीन वेळा तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते : त्यांना सुमारे 83 टक्के आठवले, तर दुसऱ्या गटाला 71 टक्के. एका आठवड्यानंतर मात्र चित्र पालटले. केवळ वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. विशेष म्हणजे आपल्याला चांगले आठवेल, असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच अधिक होता. म्हणजे आपण कसे चांगले शिकतो याबाबत मनाला जे वाटते, त्यावर विसंबता येत नाही. ते पडताळून पाहावे लागते.

ही गोष्ट आपल्या हिफ्जच्या वर्गाला नवी नाही. तेथे दररोज नवा सबक मुखोद्गत ऐकवावा लागतो. अलीकडे पाठ केलेला भाग सबक-पारा म्हणून ऐकवला जातो आणि जुने पारे आमोख्ता म्हणून पाळीपाळीने फिरत राहतात. पाठ झाला की नाही हे मूल ठरवीत नाही. न पाहता ऐकवता आले तरच तो झाला. विस्मरणाविषयी प्रेषितांनी (स.) कुरआन मुखोद्गत असलेल्या माणसाला उंटाच्या मालकाची उपमा दिली आहे : उंट बांधून ठेवला, लक्ष ठेवले तर राहील, मोकळा सोडला तर निघून जाईल. स्वतः प्रेषितांकडे (स.) दर रमजानमध्ये जिब्रील (अ.) येत आणि कुरआनची उजळणी होत असे, अखेरच्या वर्षी ती दोनदा झाली. कुरआनही सुमारे 23 वर्षांत थोडा थोडा अवतरला. ताबिईन विद्वान अबू अब्दुर्रहमान अस्-सुलमी (रह.) यांनी नोंदविले आहे, की सहाबा (रजि.) दहा आयती शिकत आणि त्यांतील ज्ञान व आचरण अंगी बाणल्याशिवाय पुढे जात नसत.

आपल्या विद्वानांनी विद्यार्थ्यांसाठी हाच मार्ग सांगितला. इमाम जर्नूजी (रह.) यांच्या ‘तालीमुल मुतअल्लिम’ या प्रसिद्ध पुस्तिकेत उजळणीचा हिशेबच दिला आहे : कालचा धडा पाच वेळा, परवाचा चार वेळा, त्याआधीचा तीन वेळा, आणि असेच उतरत एकपर्यंत. पाठांतराइतकेच महत्त्व ते परस्पर चर्चेला आणि प्रश्नोत्तरांना देतात. ही रीत आपण कुरआनपुरती राखली आणि विज्ञान-इतिहासासाठी मात्र परीक्षेच्या आदल्या रात्रीची घोकंपट्टी पत्करली, हे आश्चर्य आहे.

चार आठवड्यांचा मुहासबा

मुहासबा म्हणजे स्वतःचा हिशेब घेणे. मोमिन दिवसाअखेरी आपल्या कर्मांचा हिशेब घेतो. विद्यार्थ्याने तसाच आपल्या अभ्यासाचा घ्यावा. यासाठी एक साधी वही पुरे. प्रत्येक पानावर चार रकाने आखावेत : काय अभ्यासले, कसे अभ्यासले, किती वेळ, आणि आठवड्यानंतर न पाहता किती आठवले. नियम दोनच आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि निकाल अभ्यास संपताच काढायचा नाही. आठवडाभराने घरातील कोणीतरी पाच प्रश्न विचारून काढायचा.

*पहिला आठवडा : निरीक्षण.* काहीही बदलू नये. मूल आज जसा अभ्यास करते तसाच करू द्यावा आणि फक्त नोंद ठेवावी. किती वेळा उठले, कोठे बसले, कोणत्या वेळी मन लागले. या आठवड्यात पालकांनी एकही उपदेश करू नये. ही त्यांचीही परीक्षा आहे.

*दुसरा आठवडा : वाचणे की आठवणे?* इतिहास किंवा विज्ञानाचे साधारण सारख्या लांबीचे दोन पाठ घ्यावेत. एक पाठ अर्धा तास पुन्हा पुन्हा वाचावा. दुसरा एकदा लक्षपूर्वक वाचून पुस्तक मिटावे, आठवेल ते लिहावे, मग पुस्तक उघडून राहिलेले पाहावे आणि पुन्हा मिटावे. एकूण वेळ तेवढाच. आठवड्यानंतर दोन्ही पाठांवर पाच-पाच प्रश्न.

*तिसरा आठवडा : एकदम की विभागून?* एक पाठ एकाच बैठकीत अर्धा तास, दुसरा तीन दिवस दहा-दहा मिनिटे. शक्य असेल तर पुढे वेळेचाही प्रयोग करावा : काही दिवस फज्रनंतर, काही दिवस मगरिबनंतर. पहाटेच्या वेळेत बरकत असावी अशी दुआ प्रेषितांनी (स.) आपल्या उम्मतसाठी केली आहे. तरीही एखाद्या मुलाची शाळा सकाळी सातची असेल तर त्याच्यासाठी संध्याकाळच सोयीची ठरेल, तेही नोंदवावे.

*चौथा आठवडा : एकटे की कोणाला तरी समजावून?* समजा, सातवीतील एक मुलगी पचनसंस्थेचा पाठ आपल्या दादीला समजावून सांगते आहे. तोंड, अन्ननलिका, जठर येथपर्यंत ती सहज येते. लहान आतड्यापाशी अडखळते. दादी विचारते, ‘मग पुढे काय होतं, बेटा?’ आणि मुलीला उमगते, की पुढचे तिला कळलेलेच नव्हते. आता ती संपूर्ण पाठ पुन्हा वाचत नाही, तेवढाच परिच्छेद वाचते. दादीला अक्षरओळख नसली तरी चालते. ऐकण्याची तयारी हवी.

चार आठवड्यांनंतर वही समोर ठेवून मुलानेच सांगावे, की त्याला काय उपयोगी पडले. बहुतेक मुलांना न पाहता आठवणे आणि विभागून उजळणी करणे लाभदायक ठरल्याचे दिसेल. संशोधनही हेच सांगते : 2013 मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींची छाननी केली, तेव्हा स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास विभागणे या दोन पद्धती सर्वांत उपयुक्त ठरल्या, ओळींखाली रेघा मारणे आणि पुन्हा पुन्हा वाचणे यांचा उपयोग कमी आढळला. मात्र किती वेळ बसणे झेपते, कोणत्या प्रहरी मन लागते, मोठ्याने म्हणून आठवते की लिहून, एकट्याने की भावंडासोबत, हे प्रत्येकाचे निराळे असते. एका प्रयोगावरून कायमचा निर्णय करू नये. पुढच्या सत्रात तो पुन्हा करावा. स्वतःच्या हातची नोंद पाहून मूल जे स्वीकारते, ते शंभर वेळा सांगूनही स्वीकारत नाही.

भाषेचा प्रश्न

आपल्या समाजातील मुलांपुढे आणखी एक अडचण असते. घरी दख्खनी किंवा कोकणी, शाळेत मराठी, उर्दू किंवा इंग्रजी, आणि मकतबमध्ये अरबी. एक लिपी डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे. काही मुले सातवी-आठवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकून पुढे मराठी किंवा इंग्रजी शाळेत जातात. अशा वेळी जी स्मरणशक्तीची कमतरता वाटते, ती पुष्कळदा शब्दांची अडचण असते.

हे ओळखण्याची सोपी कसोटी आहे. पाठातील मुद्दा मुलाला घरच्या बोलीत समजावून सांगायला लावावा. ते सांगू शकले तर विषय कळला आहे, शब्द कमी पडत आहेत. मग वहीच्या शेवटी शब्दांची जोडयादी करावी : कसर म्हणजे अपूर्णांक, रकबा म्हणजे क्षेत्रफळ, मुसल्लस म्हणजे त्रिकोण, तक्सीम म्हणजे भागाकार. पण घरच्या बोलीतही सांगता आले नाही, तर मूळ कल्पनाच समजलेली नाही. तेथे पाठांतर वाढवून काही साधणार नाही. सूरह इब्राहीमच्या चौथ्या आयतीत अल्लाहने सांगितले आहे, की त्याने प्रत्येक प्रेषिताला त्याच्या लोकांच्याच भाषेत संदेश देऊन पाठविले, जेणेकरून त्याने स्पष्टपणे समजावून सांगावे. समजण्याची सुरुवात आपल्या भाषेतून होते.

पालकांचे काम

मुलाने स्वतःचा शोध घ्यावा, पण त्यासाठी घराने वातावरण द्यावे लागते. इब्ने खल्दून (रह.) यांनी 1377 मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दमा’ या ग्रंथात शिक्षणावर सविस्तर विवेचन केले आहे. ज्ञान टप्प्याटप्प्याने द्यावे, असे ते सांगतात आणि विद्यार्थ्यांवरील कठोरपणाचे दुष्परिणाम दाखवितात : धाकात वाढलेले मूल आळशी बनते, मार चुकविण्यासाठी खोटे बोलू लागते आणि पुढे तीच त्याची सवय होते. ज्या घरात चूक कबूल केल्यावर मार बसतो, तेथे वहीच्या चौथ्या रकान्यात खरा आकडा कधीच लिहिला जाणार नाही. म्हणून ‘किती मार्क मिळाले?’ या प्रश्नाऐवजी ‘आज कोणती गोष्ट न पाहता सांगू शकतोस?’ असे विचारून पाहावे.

झोप हाही अभ्यासाचा भाग आहे. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास आणि त्यापुढील किशोरांना 8 ते 10 तास झोप आवश्यक असल्याचे तज्ज्ञ सांगतात. इशानंतर गप्पा मारीत बसणे प्रेषितांना (स.) पसंत नव्हते. मध्यरात्रीपर्यंत मोबाइल आणि फज्रला उठण्याची अपेक्षा, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. आणि हा नियम घरातील मोठ्यांनी पाळला तरच मुले पाळतील.

प्रामाणिक प्रयत्न करूनही मुलाला अक्षरे ओळखणे, वाचणे किंवा साधे हिशेब करणे अतिशय कठीण जात असेल, तर प्रथम डोळे आणि कान तपासून घ्यावेत. फळ्यावरचे न दिसणारे मूल अनेकदा दुर्लक्ष करणारे ठरविले जाते. त्यानंतरही अडचण राहिली तर तज्ज्ञांकडून अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीही मिळतात. आळस समजून मारणे किंवा नजर लागली म्हणून केवळ ताविजावर विसंबणे, या दोन्हींत मुलाची मोलाची वर्षे वाया जातात.

कुटुंबात चर्चेसाठी

1. आपल्या घरात मुलांसाठी कोणते शिक्के वापरले जातात? त्यांपैकी कोणता शब्द आजपासून बंद करता येईल?
2. मकतबमध्ये सबक न पाहता ऐकवला जातो. शाळेतील कोणता विषय घरी तसाच ऐकता येईल, आणि कोण ऐकेल?
3. गेल्या आठवड्यात मुलाने घरात विचारलेला प्रश्न कोणता होता? त्याला उत्तर मिळाले की गप्प बसविले गेले?
4. आईवडील स्वतः सध्या काय शिकत आहेत?

सूरह ताहाच्या 114 व्या आयतीत प्रेषितांना (स.) ज्ञानवृद्धीची दुआ शिकविली गेली आहे. त्याच आयतीत त्याआधी कुरआनबाबत घाई न करण्याची सूचना आहे. ज्ञानाची मागणी आणि घाई न करणे, या दोन गोष्टी तेथे शेजारी शेजारी आहेत. आपण मुलांसाठी पहिली मागणी रोज करतो. दुसरी सूचना स्वतःसाठी लक्षात ठेवावी.

हे अल्लाह, आमच्या मुलामुलींच्या ज्ञानात वाढ कर, ते ज्ञान त्यांच्यासाठी व तुझ्या दासांसाठी उपकारक ठरव, आणि आम्हा आईवडिलांना त्यांच्याशी धीराने वागण्याची सद्बुद्धी दे. आमीन.